चहाआधीचा अर्धा तास

रविवारची गोळी.
उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर,
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही,
वाकायचं नाही, चहा नाही.
डॉक्टर वर्तक बोटावर मोजून सांगत होते,
माझं लक्ष टेबलावरच्या प्लास्टिकच्या खुब्याकडे,
त्याच्या खोबणीत कुणीतरी पेन खोचलं होतं.

मनगट मोडलं ते मिनी सीशोरला नव्हे,
बाजारातही नव्हे. सेक्टर नऊ, आमचाच ओटा.
कुकरची शिट्टी झाली म्हणून वळले
आणि पायपुसणं माझ्याआधी वळलं.
सहा आठवडे प्लास्टर. पोळ्या दिगंबरने लाटल्या,
त्यातली एक हुबेहूब उरण तालुका होती.
प्लास्टर निघालं, मूठ वळली, वेणी घालता आली,
म्हणजे संपलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.
वर्तक तेवढे म्हणाले,
"मनगट ही पहिली नोटीस. दुसरी खुब्यावर बजावतात."

चार रविवार घेतली. पाचव्याला जळजळ.
सहाव्याला लेकीकडे भांडुपला.
सातव्याला, खरं सांगते, काहीच दुखत नव्हतं.
डोकं दुखलं की गोळी, थांबलं की बंद,
एवढा हिशेब आईने शिकवलेला.
उरलेली पाकिटं बटणांच्या डब्यात गेली.
दिगंबरने विचारलं की "हो" म्हणायचे
आणि ते "हो" चहात बुडवून खायचे.

मार्गशीर्षात सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट लावलं.
अठ्ठावीस वर्षं मी सिडकोत ट्रेसर होते,
या जिन्याच्या रेषा याच उजव्या हाताच्या.
पिंगळे नावाचा पोरगा आला, हातात छोटी हातोडी,
खांबांना कान लावत फिरला.
गेल्या वर्षी पोपडा पडला तेवढा भाग
आम्ही लिंपून वर पिस्ता रंग फासला होता.
तिथे तो थांबलाच नाही.
थांबला आमच्या दाराशेजारी,
जिथे तडा नाही, ओल नाही, शुभ-लाभ चिकटवलेलं.
टक. टक. टप्प.
"इथे पोकळ वाजतंय, काकू."
"पण इथे तर काहीच झालेलं नाही," मी म्हटलं,
आणि माझंच वाक्य मला ओळखीचं वाटलं.
"तेच ना," त्याने वहीत फुली मारली,
"पडलेला भाग सोपा असतो."

हाड म्हणजे खांब नव्हे, कळतं मला.
खांबाला चार माणसं बाहेरून जॅकेट चढवतात.
हे आतून,
दर रविवारी चिमूटभर,
आणि कुणी बघायलाही येत नाही.

फोन केला. वर्तक रागावले नाहीत,
त्याचंच जास्त लागलं.
"जळजळ? गोळी घेऊन परत लवंडत होतात ना?"
लवंडत होते.
"नाहीच सोसली तर सलाईनमधून देऊ, वर्षातून एकदा.
पण गुपचूप बंद करू नका."

आजचा नववा रविवार. मधला एक चुकला,
कुंदा भुवडचं तेरावं होतं,
तो सोमवारी भरून काढला.
कुंदाचा खुबा मोडला होता. त्याआधी
तिलाही नोटीस आली होती का,
विचारायचं राहून गेलं.

सहा दहा. पेला रिकामा, पालथा.
मी गॅलरीत. समोरच्या भिंतीवर परांची चढतेय,
दोन पोरं बांबूला बांबू बांधतायत,
एकाने दातांत सुतळी धरलीय.
आत दिगंबर आलं ठेचतो, मुद्दाम, मोठ्याने.
सहा पंचवीस.
भांडं उतरल्याचा आवाज,
वास उंबऱ्यापर्यंत येऊन घुटमळतो.
मी मान वळवत नाही.
अजून पंधरा मिनिटं
उभी आहे.